वरच्या मजल्यावर घटस्फोट, खाली लीजचे आठ लाख

तिसरं_गेट:
नमस्कार मंडळी. एरवी मी इथं पावसाचे आकडे आणि जुन्या बेळगावच्या गोष्टी लिहितो. आज जरा वेगळं विचारायचं आहे.

आम्ही टिळकवाडीत, तिसऱ्या रेल्वे गेटच्या अलीकडं राहतो. वरचा मजलाही आमचाच, तिथं भाडेकरू म्हणून एक जोडपं आहे. तो चंदगड तालुक्यातला, उद्यमबागेत एका कारखान्यात सीएनसी मशीन बघतो. ती निपाणीची, कॉलेजात अकाउंट्स शिकवते. दोघंही तिशीच्या आसपास. आले तेव्हा जिन्यावरनं खिदळत वर जायचे, आमच्या हिची दुपारची झोप मोडायची.

गेल्या महिन्यात दोघं एकदमच खाली आले आणि सोफ्याच्या दोन टोकांना बसले. "काका, आम्ही वेगळे होतोय. बाहेरनं कळायला नको म्हणून सांगितलं." हिनं चहा ठेवला. चहा पिऊन दोघं उठले आणि दोघंही वरच गेले.

तिथंच सगळी गोम आहे. घर कुणीच सोडत नाही. हॉलमध्ये दोरी बांधून तिची जुनी इरकल साडी आडवी सोडली आहे. इकडं त्याची गादी, तिकडं तिचं टेबल. स्वयंपाकघरात फळ्या वाटून घेतल्यात, गॅसच्या वेळा वहीत लिहून ठेवल्यात. दूधसुद्धा दोघं वेगळं घेतात, अर्धा अर्धा लिटर. दही मात्र तीच लावते. रात्री त्याच्याही पातेल्यात चमचाभर विरजण तीच टाकते, कारण म्हणे "त्याला कोमट म्हणजे किती ते आयुष्यात कळलेलं नाही."

मला दोन गोष्टी विचारायच्यात. एका घरात राहून कायद्यानं असं वेगळं होता येतं का? आणि मी मध्ये पडू की गप्प बसू?

निपाणीचा_जावई:
काका, २०२३ च्या जूनपासून कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट आहे. बेळगाव ते निपाणी तिकीट शून्य. रुसून माहेरी जायला एक पैसा लागत नाही, तरी ती जात नाही. ह्याच्यातच काय ते समजा.

काळा_कोट:
पहिल्या प्रश्नाचं उत्तर, येतं. हिंदू विवाह कायदा १९५५, कलम १३ ब, परस्पर संमतीनं घटस्फोट. अट अशी की अर्ज करण्याआधी किमान वर्षभर दोघं वेगळे राहिलेले असावेत. आता "वेगळे राहणं" म्हणजे काय? सुरेश्ता देवी विरुद्ध ओमप्रकाश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९९१ सालीच सांगून ठेवलंय की त्याचा पत्त्याशी संबंध नाही. परिस्थितीमुळं एकाच छपराखाली असतील, पण नवरा-बायको म्हणून राहत नसतील, तर ते वेगळेच. उलट दोन गावांत राहूनही संसार चालू असू शकतो. अर्धं लष्कर तसंच राहतं.

पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबायचं असतं. २०१७ पासून न्यायालय योग्य वाटल्यास ती मुदत माफ करू शकतं. वर्ष मात्र भरावंच लागतं असं धरून चाला.

त्यामुळं तुमची ती इरकल साडी पुरावा आहे. धुवायला टाकताना तारीख लिहून ठेवा म्हणावं.

परागंदा_बेळगावकर:
पुण्यातून विचारतो. मला कळलंच नाही, दोघांपैकी एकानं दुसरीकडं खोली भाड्यानं घेतली की झालं. अडचण काय आहे? दोघं कमावते आहेत ना?

तिसरं_गेट:
तुम्ही फार दिवस पुण्यात राहिलात. घर लीजवर आहे. म्हणजे महिन्याला भाडं नाही. भाडेकरूनं एकरकमी पैसे मालकाकडं ठेवायचे, मुदतभर राहायचं, सोडताना सगळी रक्कम परत घ्यायची. पैशावर व्याज नाही, घराला भाडं नाही. ह्यांनी आठ लाख ठेवलेत, चार त्याचे, चार तिचे. करार तीन वर्षांचा, दोघांच्या नावानं, पुढच्या मे महिन्यापर्यंत. मध्येच सोडायचं तर नवीन लीजवाला आणायचा, नाहीतर मुदत संपेपर्यंत थांबायचं. एकटा निघाला तर त्याचे चार लाख इथंच, आणि दुसरा माणूस पूर्ण घरात फुकट. कोण निघेल?

कन्नडात ह्याला "भोग्य" म्हणतात. आमच्या बाँडवरही तोच शब्द आहे. परवा वरच्यानं तो कागद काढून वाचला आणि म्हणाला, "बरोबर लिवलंय काका. भोगतोयच की."

धारवाडी_मावशी:
हे सगळं राहू दे. मोडलं कशावरनं ते सांगा. मारहाण, दारू, तिसरं कोणी?

तिसरं_गेट:
ह्यातलं काही नाही, मावशी. हिला तिनंच सांगितलं ते लिहितो. त्याच्या गावाकडं भाऊ काजूचा कारखाना घालतोय. तुम्हाला माहीत आहे, चंदगड-आजऱ्याकडं घरटी एक काजूवाला. भावानं विचारलं, नोकरी सोडून येतोस का? हा तिकडं "येतो की" म्हणाला. तिनं इकडं विचारलं, तर "बघूया" म्हणाला. आठ महिने "बघूया". शेवटी एका लग्नात त्याच्या चुलतीनं तिला विचारलं, "मग गं, कधी येतासा गावाला? खोलीला रंग देऊन झाला की." रंग कुठला ते चुलतीनंच सांगितलं. पिस्ता.

घरी येऊन ती एवढंच म्हणाली, "मला पिस्ता रंग आवडत नाही."

धारवाडी_मावशी:
मी तिच्या बाजूनं. "बघूया" म्हणणाऱ्या नवऱ्याबरोबर एकतीस वर्षं काढलीत.

चिक्कोडी_एक्सप्रेस:
मी त्याच्या बाजूनं. आमच्याकडं "नाही" हा शब्दच नाही, "बघूया" हाच आमचा "नाही". तो भावाला "येतो की" म्हणाला तेही "नाही"च असेल.

काळा_कोट:
सगळे हसताय म्हणून एक लिहून ठेवते. असं एका घरात अडकून राहणं नेहमी गमतीचं नसतं. धाक, मारहाण, पैसे रोखून धरणं असेल तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे. त्यात बाईला त्या घरात राहण्याचा हक्क दिलाय, घर कुणाच्याही नावावर असो. अशा ठिकाणी "जुळेल हो हळूहळू" म्हणणाऱ्या मालकानं तोंड बंद ठेवावं आणि दार उघडं. काकांच्या घरी तसं दिसत नाही, म्हणून पुढं हसूया.

तिसरं_गेट:
मान्य. हिनंही पहिल्यांदा तिला बाजूला घेऊन तेच विचारलं होतं.

आता पाण्याचं सांगतो. शहराच्या काही वॉर्डांत २००८ पासून चोवीस तास पाणी आहे, आमच्या गल्लीच्या नशिबात ते नाही. आम्हाला राकसकोप धरणाचं पाणी चार दिवसांआड, तेही पहाटे. मोटर खाली, टाकी गच्चीवर. टाकीत पाणी किती झालं ते खालच्याला दिसत नाही, म्हणजे दोन माणसं लागतातच. आधी हा खाली बटणाशी आणि ती वर, टाकी भरली की मिस्ड कॉल द्यायची. आता दोघांनी एकमेकांचे नंबर ब्लॉक केलेत, आणि हाक तर मारायचीच नाही. तर ती गच्चीवर स्टीलचं ताट घेऊन जाते. एकदा वाजलं म्हणजे अर्धी, तीनदा म्हणजे बंद कर. समोरचे तात्या आता त्या ताटावर उठतात.

काल ताट वाजलंच नाही. पाणी वाहून खाली येऊ लागलं तसं ह्यानं मोटर बंद केली आणि दोन दोन पायऱ्या घेत वर पळाला. मी मागनं. ती टाकीच्या कठड्याला टेकून बसल्या जागी झोपलेली, मांडीवर तपासायचे पेपर, त्यातले चार गच्चीभर उडालेले. ह्यानं ते गोळा केले. एक भिजलेला होता, तो शर्टाला पुसला. मग सगळ्या गठ्ठ्यावर वीट ठेवली आणि ताट हळूच, आवाज न करता उचलून तिच्या हाताला लागणार नाही असं लांब ठेवलं. खाली येताना मला म्हणाला, "टाकी भरली काका," जसं काही मी तेवढ्यासाठीच वर गेलो होतो.

निपाणीचा_जावई:
काका, ह्यांना तुम्ही जुळवाच. आम्ही वर्गणी काढतो.

खडे_बोल:
एक सरळ प्रश्न. दीड महिना झाला, काका रोज वरची खबर देतात, ह्यांचं जमावं म्हणून जीव टाकतात. भाडेकरू गेला तर दुसरा येतो, टिळकवाडीत लीजला रांग असते. मग एवढी आस का? काका, ते आठ लाख आहेत ना जागेवर?

निपाणीचा_जावई:
अरे काय बोलतोस. काका रिटायर्ड माणूस आहेत.

तिसरं_गेट:
तीन दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण उत्तर मला माहीत होतं.

पैसे जागेवर नाहीत. मागच्या बाजूला खोली आणि बाथरूम बांधायला काढलं, त्यात पाच गेले. स्लॅब पडला, गिलावा झाला, फरशी राहिली. बाकीचे तीन आहेत. विचार असा होता की मे महिन्यात ह्यांचा करार संपेल, पुढचा लीजवाला येईल, त्याचे घेऊन ह्यांचे देईन. सगळे असंच करतात, पण सगळे करतात म्हणून ते बरोबर होत नाही. ह्यांनी उद्या दोघांनी मिळून सही करून पैसे मागितले असते तर मला पळताभुई थोडी झाली असती. म्हणजे वरचा संसार माझ्या फरशीवर टेकलाय.

हिला हे सगळं आधीपासून माहीत आहे. मी धागा काढला तेव्हा ती म्हणाली होती, "कायदा विचारताय लोकांना, पाच लाखांचं पण विचारा की."

रंगपट:
मी हौशी नाटकवाला, दरवर्षी एकांकिका बसवतो. काका, हे मला द्या. प्रेमकथेचं हे जे घराणं आहे, नातं तुटलंय आणि छप्पर एकच, त्यात सगळं अवलंबून असतं घर कुणाचं यावर. घर नवऱ्याचं असलं की बायको आश्रित होते, मग प्रेक्षक हसत नाही. बायकोच्या बापाचं असलं की नवरा घरजावई, तो विनोद आपण वापरून वापरून झिजवलाय. इथं चार आणि चार. कुणाचंच पारडं जड नाही म्हणून भांडणं ताटावर आणि विरजणावर येतात, आणि ती तेवढीच लहान राहिली पाहिजेत. कुणी कुणाचा शर्ट जाळला की विनोद संपला.

आणि मालकाचं पात्र तर सोनं आहे. सगळ्यांना वाटतं म्हातारा मायाळू, आणि त्याचा खिसा रिकामा.

शेवट तेवढा कळत नाही. सिनेमात नायक विमानतळावर धावतो. आपल्याकडं सांबऱ्याला धावत जाईपर्यंत विमान हैदराबादला उतरलेलं असतं.

तिसरं_गेट:
म्हाताऱ्याच्या पात्राला जरा केस ठेवा म्हणजे झालं.

सीमेवरचा_आजोबा:
मी खानापूर तालुक्यातला, वय ऐंशीच्या पुढं. रेघ ओढून वाटणी करणारे आम्ही पुष्कळ बघितले. १९५६ ला आम्हाला इकडं टाकलं. १९६६ ला महाजन आयोग नेमला, पुढच्या वर्षी अहवाल आला. २६४ गावं तिकडं द्या, २४७ इकडं घ्या, बेळगाव आहे तिथंच. महाराष्ट्राला तो पटला नाही, २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. एवढ्यात माझी तीन लेकरं मोठी झाली, दोन सुना चंदगडच्या आणि एक जावई हल्याळचा.

वरच्या पोरांना सांगा, रेघ ओढायची तर ओढा, खरं मिठाची बरणी मोजू नका. आणि तुम्ही महाजन होऊ नका. त्यांना दोन्हीकडनं शिव्या.

परागंदा_बेळगावकर:
आजोबा, दंडवत. विषयांतर करतो, पण भांडण मिटवायला काकांनी कुंदा नेऊन दिला का? आमच्या घरी प्रत्येक भांडण पाव किलोवर मिटायचं.

तिसरं_गेट:
दिला. अर्धा किलो. दोघांनी डब्यात मधोमध चमच्यानं रेघ मारून खाल्ला. त्याची बाजू आधी संपली, मग तो रेघेवरचा खात बसला. रेघेवरचा कुणाचा ह्यावर करारात काही नाही.

बाकी खबर अशी. ह्यानं जुना छोटा फ्रिज आणला, स्वतंत्र. महिन्याच्या शेवटी हेस्कॉमचा माणूस बिल देऊन गेला, २१३ युनिट. सरकारच्या गृहज्योती योजनेत ठरवून दिलेल्या युनिटांपर्यंत वीज फुकट, २०० च्या वर गेलं की पूर्ण बिल. आजवर ह्यांचं बिल शून्य यायचं. बिल हातात घेऊन दोघं जिन्यात उभे, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा एकमेकांशी सरळ बोलले. बोलले म्हणजे ओरडले, पण नाव घेऊन. संध्याकाळी त्याचा फ्रिज बंद करून त्यात तिची पुस्तकं ठेवलेली हिनं बघितली. आम्ही कुंद्यानं जे करू शकलो नाही ते मीटरनं केलं.

चिक्कोडी_एक्सप्रेस:
गणपती जवळ आलेत. कुणाचा गणपती?

तिसरं_गेट:
बरोबर बोट ठेवलंत. दोघांनी मनात ठरवून टाकलं होतं की यंदा आपणच आणायचा, आणि एकमेकांना सांगायला बोलत कोण होतं? चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी दोघंही मूर्ती घेऊन जिन्यात समोरासमोर. त्याची शाडूची, बसकी. तिची उभी, निळं पितांबर. एका घरात दोन गणपती बसवत नाहीत. दोघंही मूर्ती छातीशी धरून उभे, कुणी मागं सरकेना, वरनं पाऊस.

हिनं दार उघडलं आणि म्हणाली, "निळा खाली द्या. यंदा आमच्याकडं." आमच्याकडं गणपती बसतच नाही, आमचा भावाकडं असतो. तिनं मूर्ती दिली आणि मग पाच दिवस आरतीला खाली. आणि तोही खाली, कारण वर एकट्यानं आरती म्हणायला त्याला येत नाही. दुसऱ्या कडव्याला अडकतो. ती पुढचा शब्द जरा मोठ्यानं म्हणायची, बघायची नाही त्याच्याकडं.

रंगपट:
झाला की शेवट. पडदा.

धारवाडी_मावशी:
कसला शेवट? त्यानं काजूचं काय ते सांगितलं का? आरतीनं पिस्ता रंग जातो का?

तिसरं_गेट:
मावशींचं खरं आहे. विसर्जनानंतर मी दोघांना खाली बोलावलं, पाच लाखांचं सगळं सांगितलं आणि माफी मागितली. तो गप्प बसला. ती अकाउंट्सवाली, तिनं वही मागितली. मी एफडी मोडली, सोसायटीचं दीड लाखाचं कर्ज काढलं, थोडं हिनं दिलं. कशातनं दिलं ते विचारू नका, मला विचारायची हिंमत झाली नाही. काल दोघांच्या हातात चार-चार लाखांचे चेक ठेवले. म्हणालो, घर रिकामं करायची घाई नाही, खरं आता माझ्यामुळं कुणी अडकायचं नाही.

तिनं चेक पर्समध्ये ठेवला. तो चेककडं बघत म्हणाला, "मी भावाला नाही म्हणून सांगितलं. चतुर्थीच्या आदल्या दिवशी." ती म्हणाली, "मला कधी सांगणार होतास?" तो म्हणाला, "बघू..." आणि थांबला. आमच्या हिनं कपाळावर हात मारून घेतला.

निपाणीचा_जावई:
आणि?

खडे_बोल:
काका, पैसे दिलेत. माझा शब्द मागं घेतो. आणि?

तिसरं_गेट:
आणि ती गेली. रविवारी छोटा हत्ती टेम्पो आला. टेबल, पुस्तकं, कपाट. हिंदवाडीत एका मैत्रिणीची खोली मिळाली आहे. मैत्रिणीकडं महिन्याचं भाडं आहे, लीज नाही. "काका, आता लीज नको," म्हणाली. ह्यानंच सामान उतरवलं, टेबलाचे पाय स्वतः सोडवून बांधून दिले. साडी मात्र तशीच दोरीवर राहिली, कुणाच्या यादीत नव्हती.

धारवाडी_मावशी:
बरं झालं. त्याला एकदा रिकामं घर बघू दे.

रंगपट:
अहो, असा शेवट कोण बसवणार? स्पर्धेत बक्षीस मिळायचं नाही.

तिसरं_गेट:
बक्षिसाचं तुम्ही बघा. आज सकाळचं तेवढं लिहितो.

साडेसहाला हा खाली आला, हातात पातेलं. काल रात्री दूध तापवलं, दही लावायला गेला तर विरजणच नाही. तिचं भांडं तिच्याबरोबर गेलेलं. हिला म्हणाला, "काकू, चमचाभर विरजण द्या की."

ही म्हणाली, "आमचं पण संपलंय बघ. तिच्याकडनं आण जा. हिंदवाडी काय लांब आहे?"

तो पातेलं घेऊन तसाच दारात थोडा वेळ उभा राहिला. मग विचारलं, "कोमट म्हणजे किती हो काकू?"

"ते पण तिलाच विचार."

गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, गेटमधनं पातेल्याचं झाकण वाजत गेलं. मी आत येऊन ताकासाठी फ्रिज उघडला. वरच्या फळीवर दह्याचं मोठं सट भरून काठोकाठ. मी हिच्याकडं बघितलं. ही कोथिंबीर निवडत होती.